काठीचा गौरव पुरे : तुकाराम ओंबळे यांचे स्मरण कसे करावे?

१.
नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा आला की मराठी समाजमाध्यमांवर एक ठरावीक मजकूर फिरू लागतो. त्यात एक छायाचित्र असते, एक काठी असते, शरीरात शिरलेल्या गोळ्यांची एक संख्या असते आणि शेवटी ‘विनम्र अभिवादन’ असते. मजकुरागणिक गोळ्यांची संख्या बदलते, अभिवादन तेवढे कायम राहते. प्रश्न असा, की या मजकुरात तुकाराम ओंबळे नेमके कोठे असतात?

२.
हा धागा अभिवादनाच्या विरोधात नाही. ज्याने आपल्या देहाने एका बंदुकीचे तोंड अडवले, त्याच्यापुढे मान झुकलीच पाहिजे. विरोध आहे तो आळशी स्मरणाला. असे स्मरण माणसाचा पुतळा करते, पुतळ्याची दंतकथा करते आणि दंतकथेच्या आड ज्यांनी उत्तरे द्यायची त्यांना निवांत बसू देते.

३.
आधी माणूस. तुकाराम गोपाळ ओंबळे हे सातारा जिल्ह्यातील जावळी तालुक्यातल्या केडंबे गावचे. प्रथम भारतीय सैन्याच्या सिग्नल दलात नोकरी, तेथून निवृत्ती आणि १९९१ मध्ये मुंबई पोलीस दलात शिपाई म्हणून भरती. २००८ मध्ये ते डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग पोलीस ठाण्यात सहायक फौजदार होते. वयाने पन्नाशी ओलांडलेली, निवृत्ती दृष्टिपथात आलेली.

४.
आता ती रात्र. २६ नोव्हेंबर २००८. अजमल कसाब आणि इस्माईल खान हे दोघे छत्रपती शिवाजी टर्मिनसवर पन्नासहून अधिक माणसे मारून कामा रुग्णालयाकडे गेले. तेथून बाहेर पडताना रंगभवनच्या गल्लीत त्यांनी पोलिसांच्या क्वालिस गाडीवर गोळ्या झाडल्या आणि तीच गाडी पळवली. पुढे तिचे टायर निकामी झाल्यावर त्यांनी एक स्कोडा हिसकावली. त्या गाडीची खबर नियंत्रण कक्षाकडून गिरगाव चौपाटीवरील नाकाबंदीपर्यंत पोहोचली.

५.
गाडी अडथळ्यांच्या काही अंतर अलीकडे थांबली. समोरचे प्रखर दिवे चालू, काचेवर पाण्याचे फवारे. आत कोण आहे ते दिसू नये हा हेतू. दिवे बंद करण्याचा इशारा झाला. चालकाने गाडी वळवण्याचा प्रयत्न केला, ती दुभाजकावर अडकली आणि आतून गोळीबार सुरू झाला. भास्कर कदम आणि हेमंत बावधनकर या अधिकाऱ्यांनी प्रत्युत्तर दिले. त्यात इस्माईल खान मारला गेला.

६.
दुसऱ्या बाजूने कसाब बाहेर आला. तो शरण येत आहे असे क्षणभर वाटले. ओंबळे आणि संजय गोविलकर त्याच्याकडे धावले. कसाबने बंदूक उचलताच ओंबळ्यांनी तिची नळी धरली. गोळ्या त्यांच्या शरीरात गेल्या. गोविलकरही जखमी झाले. मात्र नळी अडली, सहकाऱ्यांना काही क्षण मिळाले, काठ्यांचा मारा झाला आणि कसाब जिवंत हाती लागला.

७.
एवढी हकिगत नीट वाचली तरी प्रचलित दंतकथेतील तीन चुका उघड्या पडतात. पहिली : हे सारे ‘२६/११’ च्या नावाने ओळखले जात असले तरी मध्यरात्र उलटून गेली होती. ओंबळ्यांनी देह ठेवला तो २७ नोव्हेंबरला. चूक लहान आहे. परंतु ज्याच्या पुण्यतिथीला दरवर्षी मजकूर फिरवायचा, त्याची तिथी तरी तपासावी, ही अपेक्षा फार मोठी नाही.

८.
दुसरी चूक : ‘एकट्याने पकडले.’ चौपाटीवर एक तुकडी होती. वायरलेसवर संदेश देणारा होता, अडथळे लावणारे होते, गोळी झाडणारे होते, जखमी होऊनही झटापट न सोडणारे होते. ओंबळ्यांच्या कृतीला अर्थ आला तो त्या तुकडीमुळे, आणि तुकडीला यश आले ते त्यांच्या कृतीमुळे. हे सांगितल्याने त्यांचे मोठेपण उणावत नाही. उलट ते एका पोलिसाचे मोठेपण ठरते, चित्रपटातल्या नायकाचे राहत नाही.

९.
तिसरी चूक सर्वात महत्त्वाची : ‘निःशस्त्र पोलीस.’ नाकाबंदी निःशस्त्र नव्हती. अधिकाऱ्यांजवळ लहान शस्त्रे होती आणि त्यांनी ती अचूक वापरली. काठी होती ती खालच्या पायरीवरच्या माणसांच्या हाती. म्हणजे त्या रात्री कोणाच्या हाती काय असावे हे धोक्याने ठरवले नव्हते. ते बऱ्याच अंशी हुद्द्याने ठरवले होते. दंतकथा नेमकी याच वस्तुस्थितीवर पांघरूण घालते.

१०.
ही काठी आली कोठून? १८५७ च्या उठावानंतर ब्रिटिश सत्तेने १८६१ चा पोलीस कायदा केला. ती रचना बेतली होती आयर्लंडमधील सशस्त्र पोलीस दलावर, म्हणजे जिंकलेल्या प्रजेला धाकात ठेवण्याच्या अनुभवावर. वर मोजके अधिकारी, खाली अल्प वेतनावरचा, अल्प प्रशिक्षणाचा आणि आज्ञा पाळणारा मोठा शिपाईवर्ग. त्या शिपायाच्या हातची काठी गर्दी पांगवण्यासाठी होती. ती शत्रूशी लढण्यासाठी कधीच नव्हती.

११.
खुद्द ब्रिटिशांनाही हे यंत्र सदोष असल्याचे कळले होते. १९०२-०३ च्या फ्रेझर आयोगाने पोलीस दलाच्या प्रशिक्षणावर, देखरेखीवर आणि भ्रष्टतेवर कठोर ताशेरे ओढले. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याने १९५१ मध्ये आपला स्वतंत्र पोलीस कायदा केला. कायद्याचे साल बदलले. शिपायाकडे पाहण्याची दृष्टी मात्र फारशी बदलली नाही.

१२.
या पार्श्वभूमीवर २००८ ची ती लढत पाहावी. एका बाजूला स्वयंचलित रायफली, हातबॉम्ब आणि महिनोन्महिने घेतलेले प्रशिक्षण. दुसऱ्या बाजूला काठी, पिस्तूल आणि ‘थ्री नॉट थ्री’ : जिची मूळ बनावट पहिल्या महायुद्धाच्याही आधीची, आणि जिच्यात प्रत्येक गोळीनंतर खटका ओढावा लागतो. अशा स्थितीत जो उभा राहिला त्याचा पराक्रम निर्विवाद आहे. पण ज्यांनी त्याला असे उभे केले, त्यांचे काय?

१३.
हा प्रश्न आकसाने उभा केलेला नाही. तो सरकारनेच नेमलेल्या समितीने हाताळला आहे. हल्ल्यानंतर माजी केंद्रीय गृहसचिव राम प्रधान आणि व्ही. बालचंद्रन यांची समिती नेमली गेली. शस्त्रे, दारूगोळा आणि गोळीबाराचा सराव यांतील उणिवा, गुप्तवार्तांच्या हाताळणीतील ढिलाई आणि आपत्तीच्या वेळी ठरलेल्या कार्यपद्धतीचे पालन न होणे, यांवर तिने बोट ठेवले. सामान्य पोलिसाच्या धैर्याबद्दल तक्रार नव्हती. तक्रार होती ती त्याच्या मागे उभ्या असलेल्या व्यवस्थेबद्दल.

१४.
अहवाल २००९ च्या पूर्वार्धात शासनाला मिळाला. तो संपूर्ण स्वरूपात विधिमंडळासमोर येईपर्यंत त्या वर्षाची अखेर उजाडली. दरम्यान अशोकचक्रे प्रदान झाली होती, चौकाचौकात फलक लागले होते, भाषणे झाली होती. गौरवाला विलंब लागला नाही; चौकशीच्या निष्कर्षाला लागला. स्मरणाचे राजकारण म्हणतात ते हेच.

१५.
याउलट खरे स्मरण कसे असते, याचे उदाहरण एका वीरपत्नीने घालून दिले. अशोक कामटे यांच्या पत्नी विनिता कामटे यांनी माहितीच्या अधिकारात त्या रात्रीच्या वायरलेस संभाषणाच्या नोंदी मिळवल्या आणि पत्रकार विनिता देशमुख यांच्यासह ‘टू द लास्ट बुलेट’ हे पुस्तक २००९ मध्ये प्रसिद्ध केले. पोलीस मुख्यालयापासून जवळच असलेल्या त्या गल्लीत मदत वेळेवर का पोहोचली नाही, हा त्यांचा प्रश्न होता.

१६.
हेमंत करकरे यांच्या अंगावरील बुलेटप्रूफ जॅकेट शवविच्छेदनानंतर गहाळ झाले. त्याचा मागोवा घेण्यासाठी त्यांच्या पत्नी कविता करकरे यांनाही माहितीचा अधिकारच वापरावा लागला. ज्या राज्याने पतीला ‘अमर’ घोषित केले, त्याच राज्याकडे पत्नीने अर्ज करून कागद मागायचा! अमरत्वाची घोषणा किती स्वस्त असते आणि एक साधी नोंद किती महाग, हे यावरून कळावे.

१७.
स्मरणातही हुद्दे असतात. रंगभवनच्या गल्लीतील क्वालिस म्हटले की करकरे, कामटे आणि साळसकर ही तीन नावे लहान मूलही सांगते, आणि ते योग्यच आहे. परंतु त्याच गाडीत बाळासाहेब भोसले, जयवंत पाटील आणि योगेश पाटील हेही होते. तेही तेथेच गेले. ही तीन नावे किती जणांना ठाऊक आहेत? गाडी एक, गोळ्या त्याच, रात्र तीच. फरक फक्त खांद्यावरच्या पट्टीचा.

१८.
त्याच गाडीत मागच्या बाजूला जखमी अवस्थेत पडलेले अरुण जाधव जिवंत राहिले. मारेकरी गाडी चालवत असताना ते सहकाऱ्यांच्या मृतदेहांखाली निपचित पडून होते, आणि पुढे त्यांनीच वायरलेसवरून खबर दिली. कामा रुग्णालयात सदानंद दाते यांच्या तुकडीतील प्रकाश मोरे आणि विजय खांडेकर यांनी प्राण दिले. स्वतः दाते जखमी होऊनही झुंजत राहिले. ही नावे फिरत्या मजकुरात मावत नाहीत, कारण त्यात एकच छायाचित्र मावते.

१९.
यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे : ‘अशा दिवशी टीका नको; हुताम्यांचा अपमान होतो.’ हा युक्तिवाद उलटा आहे. जो मृत्यू टाळता आला असता त्याची कारणे न विचारणे, हाच अपमान. वर्षातले ३६४ दिवस कोणी विचारत नाही आणि ३६५ व्या दिवशी विचारू देत नाही, मग विचारायचे केव्हा?

२०.
दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे : ‘समाजाला दंतकथा लागतात. पोवाडे नसते तर तानाजी आणि बाजीप्रभू कोणाला आठवले असते?’ खरे आहे. पण पोवाड्याची परंपरा नीट पाहावी. १६६० च्या त्या घोडखिंडीतील लढ्याचे स्मरण ‘बाजीप्रभूंना किती जखमा झाल्या’ एवढ्यावर थांबत नाही. महाराज विशाळगडी सुखरूप पोहोचले, हा त्या कथेचा प्राण आहे. बलिदान लक्षात राहते ते हेतूसह.

२१.
मग ओंबळ्यांच्या खिंडीपलीकडचा विशाळगड कोणता? जिवंत पकडलेला साक्षात्कारी पुरावा. दहा हल्लेखोरांपैकी नऊ मारले गेले; एकटा कसाब जिवंत राहिला. त्यांच्याजवळ खोटी, हिंदू नावांची ओळखपत्रे होती. तो जिवंत सापडला नसता, तर हल्लेखोर कोण आणि कोठले यावर किती वर्षे धुरळा उडवता आला असता, याची कल्पना करावी. फेब्रुवारी २००९ मध्ये कटाचा काही भाग आपल्या भूमीवर रचला गेल्याचे पाकिस्तानच्या गृह खात्याच्या प्रमुखांना जाहीरपणे मान्य करावे लागले.

२२.
नंतर जे झाले तेही त्या नळीवर पडलेल्या हातांचेच फळ. खुला खटला चालला. विशेष न्यायालयाने मे २०१० मध्ये दोषी ठरवून फाशी सुनावली, उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०११ मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१२ मध्ये ती कायम केली. २१ नोव्हेंबर २०१२ रोजी येरवड्यात शिक्षेची अंमलबजावणी झाली. ज्याने माणसे वेचून मारली, त्यालाही वकील मिळाला, अपील मिळाले. हा प्रजासत्ताकाचा दुबळेपणा नव्हता. हीच त्याची ताकद होती.

२३.
आणि दंतकथेने नेमका यावरच घाव घातला. ‘कसाबला तुरुंगात बिर्याणी’ ही गोष्ट घरोघरी पोहोचली. खटला म्हणजे सरकारी पाहुणचार असा समज रुजला. सरकारी वकील उज्ज्वल निकम यांनीच २०१५ मध्ये सांगितले की बिर्याणीची ती गोष्ट आपण रचलेली होती. तरीही ती आजही फिरते. एका हाताने ओंबळ्यांना अभिवादन करायचे आणि दुसऱ्या हाताने, त्यांच्या प्राणाच्या मोलाने उभा राहिलेला खटला हिणवायचा, ही विसंगती कोणाला खुपत नाही!

२४.
मुंबईच्या इतिहासात आणखी एक अवघड गाठ आहे. या शहरात ‘हुतात्मा’ हा शब्द प्रथम कोरला गेला तो फ्लोरा फाउंटनपाशी, संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात बळी पडलेल्यांसाठी. शंभराहून अधिक माणसे, आणि त्यांतील बहुतेक पोलिसांच्या गोळीबाराचे बळी. तेथून शिवाजी टर्मिनस चालत पंधरा-वीस मिनिटांवर. एकाच परिसरात पोलिसांनी मारलेले हुतात्मे आणि पोलिसांमधले हुतात्मे!

२५.
प्रामाणिक स्मरणाला ही दोन्ही स्थळे एका दृष्टीत धरता आली पाहिजेत. जे पोलिसांच्या बलिदानाचा दाखला देऊन कोठडीतल्या मृत्यूविषयी बोलणाऱ्याचे तोंड बंद करतात, ते ओंबळ्यांना ढालीसारखे वापरतात. आणि जे पोलीस म्हणजे केवळ दडपशाही असे मानून त्यांच्या मृतांकडे पाठ फिरवतात, ते त्या शिपायाला वर्दीत कोंबून मोकळे होतात. दोघांनाही माणूस नको असतो, चिन्ह हवे असते.

२६.
देशपातळीवरही हेच. २१ ऑक्टोबर हा पोलीस स्मृतिदिन. १९५९ मध्ये लडाखमधील हॉट स्प्रिंग्ज येथे करमसिंग यांच्या नेतृत्वाखालील तुकडीवर चिनी सैन्याने हल्ला केला आणि दहा पोलीस मारले गेले. तेव्हा त्या सीमेवर सैन्य नव्हते, पोलीस होते. २०१८ मध्ये दिल्लीत राष्ट्रीय पोलीस स्मारकाचे लोकार्पण झाले, तेव्हा त्याच्या भिंतीवर स्वातंत्र्यानंतरच्या ३४,८४४ पोलिसांची नावे होती. इतकी नावे, आणि सामान्य नागरिकाला त्यांतली पाचही सांगता येत नाहीत.

२७.
मग जिवंत असलेल्यांचे काय? प्रकाश सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २२ सप्टेंबर २००६ रोजी पोलीस सुधारणांचे सात निर्देश दिले : राजकीय हस्तक्षेपाला लगाम, निश्चित कार्यकाळ, तपास आणि बंदोबस्त यांची फारकत, तक्रारींसाठी प्राधिकरण. हे निर्देश हल्ल्याच्या दोन वर्षे आधीचे आहेत. महाराष्ट्राने आपल्या कायद्यात त्या दृष्टीने दुरुस्ती केली ती २०१४ मध्ये. ‘आम्ही शहिदांना विसरणार नाही’ ही घोषणा मात्र एका रात्रीत तयार झाली होती.

२८.
२००९ मध्ये राज्याने ‘फोर्स वन’ उभे केले. ते आवश्यक होते. पण रस्त्यावर प्रथम पोहोचतो तो निवडक कमांडो नसतो, जवळच्या ठाण्याचा शिपाई असतो. २०१६ मध्ये देवनार पोलीस ठाण्यात आठ तासांच्या पाळीचा प्रयोग सुरू झाला आणि त्याची कल्पना एका शिपायाचीच होती. त्या प्रयोगाची बातमी किती जणांनी पुढे पाठवली? थकलेल्या जिवंत पोलिसाची झोप दंतकथेत बसत नाही.

२९.
तुकाराम ओंबळ्यांना २००९ च्या प्रजासत्ताकदिनी मरणोत्तर अशोकचक्र मिळाले. चौपाटीवर त्यांचा पुतळा आहे. २०२१ मध्ये ठाणे-कल्याण परिसरात सापडलेल्या कोळ्याच्या एका नव्या प्रजातीला संशोधकांनी ‘आयसियस तुकारामी’ हे नाव दिले. त्या नावाची नोंद रीतसर वर्णनासह, तपासता येईल अशी झाली आहे. कोळ्याच्या वाट्याला आलेली ही काटेकोर नोंद माणसाच्या वाट्याला का येऊ नये?

३०.
म्हणून इतिहासप्रेमींसाठी चार साध्या गोष्टी. तारीख तपासावी. गोळ्यांची संख्या खात्रीची नसेल तर लिहू नये. त्या संख्येविनाही ते मोठेच आहेत. एका नावासोबत तुकडीतील इतर नावेही घ्यावीत. आणि प्रत्येक अभिवादनाखाली एक प्रश्न जोडावा : आज रात्री त्याच नाक्यावर उभ्या असलेल्या पोलिसाच्या हाती काय आहे, अंगावर काय आहे, आणि तो किती तासांपासून उभा आहे?

३१.
काठी घेऊन लढला, याचा अभिमान त्याच्या गावाने जरूर बाळगावा. राज्याने मात्र त्याची लाज बाळगावी. हे दोन्ही भाव एकाच वेळी मनात ठेवता आले, तरच ते स्मरण. नाही तर ते दरवर्षी फिरणारे एक छायाचित्र, आणि पुढच्या तुकाराम ओंबळ्याच्या हाती पुन्हा तीच काठी.

(धागा समाप्त)